बर्कलीची मुलं फिरायला निघाली

मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज हिशोबाची वही मिटून ठेवूया. आज एक गोष्ट सांगायची आहे, साठ वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची, पण घडलेली. ती का सांगावीशी वाटली ते आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून तिच्या एका पायात जोर नाही, कुबडी घेऊन चालते. एस.टी.चा सवलतीचा पास आहे, शिष्यवृत्ती आहे, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आहे. ती सगळी कागदपत्रं आम्हीच पळापळ करून मिळवून दिली होती, त्यामुळे आपलं काम झालं असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा ती आईबरोबर बैठकीला आली. आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "मधल्या सुट्टीत काय करता गं तुम्ही मुली?" ती म्हणाली, "बाकीच्या खाली जातात. मी वर्गातच बसते."

कँटीन खालच्या मजल्यावर. कट्टा गेटजवळ. मैत्रिणी आधी विचारायच्या, "येतेस का?" मग हिच्यासाठी सगळ्यांना हळू चालावं लागतं म्हणून हीच म्हणायला लागली, "नको, तुम्ही व्हा पुढं." मग त्यांनीही विचारणं सोडलं. कुणाचं काही चुकलं असं बोट दाखवून सांगता येत नाही. पण दोन वर्षांत ती पोरगी कॉलेजच्या कट्ट्यावर एकदाही बसलेली नव्हती. आई म्हणाली, "पास होतीय ना, मग कट्ट्याचं काय घेऊन बसलात?" त्या वेळी आम्हीही गप्प बसलो.

आमच्यातल्या दोघींचं बी.ए. इतिहासात झालंय. लढाया पाठ केल्या, तह पाठ केले, पण ही गोष्ट आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आली.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथं एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा होता. १९५३ साली, चौदा वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला. पोलिओची लस आली १९५५ ला. दोन वर्षांचा फरक. मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं गेलं. एका हाताची दोन बोटं आणि पायाची काही बोटं तेवढी हलायची. श्वाससुद्धा आपला आपण घेता येईना. त्यासाठी तेव्हा 'आयर्न लंग' नावाचं यंत्र असे. पाण्याच्या मोठ्या आडव्या टाकीसारखं. माणसाला गळ्यापर्यंत त्यात ठेवायचं, डोकं बाहेर, आणि ते यंत्र हवेच्या दाबानं छाती वरखाली करायचं. रात्रभर तो त्यात झोपायचा. दिवसा काही तास बाहेर राहता यावं म्हणून तो बेडकासारखी तोंडानं हवा गिळायला शिकला.

डॉक्टरांनी त्याच्या आईला, झोनाबाईंना सांगितलं होतं की पोरगा जगला तरी भाजीपाल्यासारखा पडून राहील. एड पुढं मोठेपणी हसत सांगायचा, भाजीच व्हायचं तर मी आर्टिचोक होईन, वरून काटेरी आणि आत मऊ. आपल्याकडचा असता तर फणस म्हणाला असता.

सुरुवातीला तो घरीच राहून फोनवरून शाळा शिकला. वर्गात एक यंत्र, घरी एक यंत्र, मध्ये टेलिफोनची तार. लोक आपल्याकडे टक लावून बघतील याची त्याला फार भीती वाटायची. झोनाबाईंनी मात्र काही काळानं हट्ट धरला की आठवड्यातून एकदा तरी शाळेत जायचंच. पहिल्या दिवशी अख्ख्या शाळेनं बघितलं. यानं मान वर केली की लोक नजर फिरवायचे. त्याच्या मनात आलं, बघितल्यानं आपल्याला काही दुखत तर नाही! आणि सगळे बघतात कुणाकडं? सिनेमातल्या नटाकडं. मग आपणही तसंच समजू. आमच्या मते त्याचं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं. फोनवरचे तास आधीही चालू होतेच.

शाळा संपताना मुख्याध्यापक दाखला देईनात. कारण काय, तर याचा कवायतीचा आणि गाडी चालवायचा तास पूर्ण नाही. झोनाबाई भांडल्या, वरपर्यंत गेल्या आणि दाखला घेऊनच परतल्या. (अशी बाई प्रत्येक गावात एक तरी असते. आपल्या गटात असली तर तिला अध्यक्ष करावं.)

१९६२ साली एडला बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. मोठं नावाजलेलं विद्यापीठ. तिथल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं की असली अपंग मुलं आम्ही आधी घेऊन पाहिली, जमत नाही. अपंगांच्या पुनर्वसनासाठी जे सरकारी खातं होतं त्यानं फी द्यायला नकार दिला, कारण हा कधी नोकरी करू शकणार नाही, मग खर्च कशाला! बातमी पेपरात आली, बोभाटा झाला, तेव्हा खात्यानं पैसे दिले. पण राहायचं कुठं? ते शेकडो किलोचं यंत्र एकाही वसतिगृहाच्या खोलीत मावेना. शेवटी विद्यापीठाच्या आवारातल्या कॉवेल नावाच्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन म्हणाले, आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहू दे.

म्हणजे हा मुलगा आजारी नसताना दवाखान्यात राहून शिकायला लागला. मदतीला धाकटा भाऊ होता. वर्गाच्या पायऱ्या आल्या की येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवायचं, चौघांनी खुर्ची उचलायची. पहिल्या वर्षी तो असा एकटाच होता.

१९६३ ला जॉन हेस्लर आला. पोहताना मान मोडून त्याचंही सगळं शरीर लुळं पडलेलं. मग आणखी एक, मग दोन. १९६८ साली पहिली मुलगी आली, कॅथरीन कॉलफिल्ड. मुलांना सुरुवात करून सहा वर्षं झाली तेव्हा कुठं एक मुलगी! हे आमच्या नजरेतून सुटलं नाही, तुमच्याही सुटू नये. त्या दशकाच्या शेवटी त्या मजल्यावर अशी डझनभर मुलं राहत होती.

आता इथं जरा थांबूया. दवाखान्यात डझनभर व्हीलचेअरवाली मुलं एकत्र ठेवणं याला खरं तर कोंडवाडाच म्हणायचा. बाकीचे विद्यार्थी वसतिगृहात, ही वेगळी. पण या मुलांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं की शेजारच्या खोलीतला माणूस आपल्यासारखाच होता. आत्तापर्यंत घरात एकटा अपंग, शाळेत एकटा, गल्लीत एकटा. आता रात्री खुर्च्या एका खोलीत जमवायच्या आणि उशिरापर्यंत बोलत बसायचं. तुझा मदतनीस वेळेवर येतो का? चादरीची घडी पाठीला टोचते तेव्हा काय करतोस? बाहेर जेवायला गेलं की वेटर तुझी ऑर्डर तुला न विचारता दुसऱ्याला का विचारतो? जे प्रत्येकाला आपल्या नशिबाचं वाटत होतं ते सगळ्यांचंच निघालं. आपल्या गटाच्या पहिल्या काही बैठका आठवा. 'माझ्याच घरी असं' म्हणून जी रडली, तिला बाकी नऊजणी 'आमच्याकडंही' म्हणाल्या होत्या.

मग ही मुलं बाहेर पडायला लागली. एकटी नाही, टोळीनं. दवाखाना आवाराच्या वरच्या अंगाला, चढावर. खाली टेलिग्राफ ॲव्हेन्यू नावाचा रस्ता. पुस्तकांची दुकानं, कॉफीची दुकानं, गाणी, मोर्चे. ती साठीची वर्षं होती, बर्कलीत रोज काही ना काही पेटलेलं असायचं. त्या गर्दीत दुसऱ्या विद्यार्थ्यांसारखंच, काही काम नसताना, नुसतं फिरायचं. लोकांना नवल वाटायचं, कारण तोवर चाकाच्या खुर्चीतला माणूस दिसायचा तो डॉक्टरकडं जाताना. काहीही कारण नसताना फिरणारा दिसायचा नाही.

एडला विजेवर चालणारी खुर्ची कशी मिळाली तेही ऐका. ही खुर्ची तुला चालवता येणार नाही असं जाणकारांनी आधीच सांगून टाकलं होतं, दोन बोटांत तेवढी ताकद नाही म्हणून. मग तो प्रेमात पडला. फिरायला जायचं तर खुर्ची ढकलायला मागं एक माणूस कायम हजर! आता तुम्हीच सांगा, अशात दोन शब्द कसे बोलायचे? मग त्यानं विजेची खुर्ची घेतली. हाताला एकाच दिशेनं जोर होता, म्हणून खटका उलटा फिरवून बसवला आणि खुर्ची चालायला लागली. डॉक्टरांना जे जमलं नाही ते त्या मुलीनं केलं असं तो सांगायचा. हसू येतं, पण बघा, आपण दिव्यांग मुलीला औषध देतो, पास देतो, साडीचोळी देतो, आणि तिच्यामागं सतत एक माणूस ठेवतो. तिला कुणाशी एकटीनं बोलायचं असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही.

टोळीचं नाव पडलं 'रोलिंग क्वाड्स'. दोन्ही हात, दोन्ही पाय गेलेल्याला तिकडं थोडक्यात क्वाड म्हणतात, आणि रोलिंग म्हणजे चाकांवर गडगडणारे. आपण 'चाकांवरची चांडाळचौकडी' म्हणू, फक्त ते चारापेक्षा बरेच जास्त होते. टोळीची पहिली खरी परीक्षा १९६९ च्या सुमारास झाली. पुनर्वसन खात्यातून नव्या सल्लागार बाई आल्या. त्यांनी नियम काढले, कुणी किती विषय घ्यायचे, कसं वागायचं. दोघाजणांची प्रगती बरोबर नाही म्हणून त्यांना काढायला निघाल्या. एकटा असता तर गपचूप सामान बांधून घरी गेला असता. इथं सगळे मिळून उभे राहिले, विद्यापीठात गेले, पेपरवाल्यांकडं गेले. दोघं राहिले, बाईंची बदली झाली.

इथून पुढं त्यांना कळलं की आपण मागू शकतो. आपलं आयुष्य आपण कसं चालवायचं यावर त्यांनी विद्यापीठात स्वतःच एक अभ्यासवर्ग सुरू केला. आणि १९७० साली केंद्र सरकारचं अनुदान मिळवून दिव्यांग विद्यार्थ्यांचा स्वतःचा कार्यक्रम उभा केला. त्यात काय होतं, तर भाषणं नव्हती. राहायला चालेल अशी खोली शोधून देणं. मदतनीसांची यादी ठेवणं. त्यांचा पगार सरकारी मदतीतून, पण कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि खुर्ची दुरुस्तीचं दुकान. हे दुकान आम्हाला सगळ्यात आवडलं. रात्री सिनेमा बघून येताना भर रस्त्यात खुर्ची बंद पडली तर माणूस तिथंच अडकतो. आपल्याकडं मिळालेल्या कितीतरी तीनचाकी सायकली एक ट्यूब फुटली म्हणून गोठ्यात पडून आहेत, त्यांवर कोंबड्या बसतात. वाटप झालं, फोटो झाला, पंक्चर काढायला कुणी नाही.

आता रस्त्याचं सांगायला हवं. फुटपाथ संपतो तिथं पाच-सहा इंचांची कडा असते. आपण न बघता उतरतो. खुर्चीला ती भिंत. प्रत्येक चौकात कुणीतरी खुर्ची उतरवायची, पलीकडं चढवायची. या मुलांनी नगरपालिकेकडं तगादा लावला आणि २८ सप्टेंबर १९७१ ला बर्कलीच्या नगरपालिकेनं ठराव केला की मुख्य बाजारभागातले रस्ते आणि फुटपाथ दिव्यांगांना फिरता येतील असे करायचे. म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर कडा कापून उतार. या मुलांनी रात्रीच्या अंधारात स्वतःच सिमेंट कालवून उतार केले अशीही दंतकथा आहे. तिथं असलेल्यांनीच पुढं सांगितलं की त्यात थोडं खरं, बरंच वाढवून सांगितलेलं. ठराव मात्र पक्का आहे. असे उतार त्याआधीही झाले होते. मिशिगन राज्यात कलमाझू गावी दुसऱ्या महायुद्धातून पांगळे होऊन परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ च्या सुमारास केले होते. पण घरापासून बाजारापर्यंत, कॉलेजपासून सिनेमापर्यंत सलग जाता आलं पाहिजे हा आग्रह बर्कलीचा. एकच उतार असून काय उपयोग? पलीकडच्या कडेला अडकलात तर घरीच बसल्यासारखं. कुठून कुठं उतार हवेत याचा आराखडा करण्यात हेल झुकास नावाचा तरुण पुढं होता. त्याला सेरेब्रल पाल्सी होती, कपाळाला बांधलेल्या काठीनं पाटीवरच्या अक्षरांना टेकवून तो बोलायचा.

एक गंमत म्हणा की अडचण म्हणा. खुर्चीवाल्यांना कडा नको होती, पण आंधळ्या माणसाला पांढऱ्या काठीनं ती कडाच सांगते की इथं फुटपाथ संपला, पुढं गाड्या आहेत. म्हणजे एकाची वाट दुसऱ्याचा धोका. यावर उपाय म्हणजे पायाला आणि काठीला कळतील अशा उंचवट्यांच्या फरशा. त्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आपल्याकडं मोठ्या रेल्वे स्टेशनांवर पिवळ्या, उठावाच्या फरशा दिसतात ना, त्या त्याच.

त्याच बर्कलीच्या विद्यापीठात याकोबस टेनब्रुक नावाचे अंध प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी कायद्यावर एक मोठा लेख लिहिला. रस्त्यात खड्डा खणून ठेवला आणि अंध माणूस त्यात पडला, तर कोर्टात विचारायचे, हा घराबाहेर निघालाच कशाला? टेनब्रुक म्हणाले की जगात वावरणं, रस्त्यानं जाणं हा त्याचाही हक्क आहे. खड्डा खणणाऱ्यानं तो येईल हे धरूनच चालायला हवं. हा 'निघालाच कशाला' प्रश्न आपल्या चांगला ओळखीचा आहे. रात्री उशिरा येणाऱ्या बाईला तोच विचारतात.

पुढचं भराभर सांगतो. विद्यार्थी नसलेलेही दुरुस्तीला, मदतनीसाला विचारत यायला लागले, म्हणून १९७२ ला बर्कलीत सगळ्यांसाठी स्वतंत्र जीवन केंद्र निघालं, चालवणारे बहुसंख्य दिव्यांगच. १९७५ साली राज्यपालांनी एड रॉबर्ट्सना त्याच पुनर्वसन खात्याचं प्रमुख नेमलं ज्यानं त्यांना एकेकाळी पैसे नाकारले होते. १९७७ मध्ये दिव्यांगांच्या हक्काचे नियम सरकार अडवून धरतंय म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर दिव्यांग तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले. त्यात जूडी ह्यूमन आणि किटी कोन या बाया पुढं होत्या. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. एड १९९५ साली वारले. आता त्यांच्या नावानं बर्कलीत २०१० सालापासून एक मोठी इमारत आहे, आत वर जायला गोल फिरत जाणारा लाल उतार.

आपल्या महाराष्ट्रात हे कुणी केलंच नाही असं मात्र नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलं असेल. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांना उभारी आली ती बाबूकाका दिवाण भेटल्यावर. ते त्यांच्यासारखेच, पण स्वतः गाडी चालवणारे, उद्योग करणारे. डॉक्टर, नातेवाईक, देवधर्म झाल्यावर आपल्यासारखा एक माणूस भेटला. पुढं त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि शेकडो मुलामुलींना एकमेकांची सोबत मिळाली.

२०१६ चा आपला दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवतो. चांगलंच आहे. पण जागा म्हणजे बाक. बाकावर बसल्यावर शेजारी कोण, सुट्टीत सोबत कोण, ते कायद्यात बसत नाही.

म्हणून परत आमच्या मुलीकडं येतो. ही गोष्ट आम्ही प्रभागसंघाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा दुसऱ्या गावच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, माझी पुतणी त्याच कॉलेजात आहे, तिला फार कमी दिसतं. तीपण कुठं जात नाही." एक कॉलेज, एक वर्ष, मजला वेगळा. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक नव्हतं. आम्ही आयांना सांगून गुरुवारच्या आठवडी बाजारात दोघींची गाठ घालून दिली. पहिल्या गुरुवारी दोघी आयांच्या मधोमध गप्प उभ्या होत्या, आम्हाला वाटलं फसलं. तिसऱ्या गुरुवारी आयांना घरी पाठवून दिलं. आता एक पिशवी धरते, दुसरी पायरी सांगते, "एक, दोन, आता सपाट." भेळ खातात आणि एस.टी. चुकवतात, म्हणून आया आम्हाला बोल लावतात. कॉलेजच्या कट्ट्यावरही जातात म्हणे, अजून रोज नाही.

बाजारातून स्टँडकडं जाताना ग्रामपंचायतीच्या गाळ्यांपुढं एक पायरी आहे. तिथं दोघी दरवेळी अडखळतात. आम्ही टेप लावून मोजली, अकरा इंच. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून तिथं उतार करा असा अर्ज गटाच्या लेटरहेडवर दिला. अर्जावर पहिल्या दोन सह्या त्या मुलींच्या आहेत. ग्रामसेवक म्हणाले, मार्चमध्ये बघू. आम्ही पोच घेऊन ठेवलीय, आणि मार्चच्या ग्रामसभेला दोघींना घेऊन जाणार आहोत.